फरशी पुसून गेलेला चोर

१

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं.

घर इतकं शांत होतं, की तेवढ्यानेही मी दचकले. भिंगरी आडवीतिडवी झोपली होती, एक पाय माझ्या उशीवर. नवरा सकाळच्या पाळीला गेलेला, बाबा फिरायला बाहेर पडलेले. लेकरू उठेपर्यंतची ही वेळ म्हणजे माझी चोरून मिळवलेली इस्टेट. मी गॅस बारीक केला, पिठात हात घातला आणि फोन वाजला.

"बाई, चोरी झाली."

आमच्या केंद्राचे पहारेकरी होते. त्यांना सगळे डुलकीराव म्हणतात, आणि जागे असले तर तेही त्या नावाला ओ देतात.

"काय गेलं?"

"सगळं!"

"कॉम्प्युटर?"

"तो आहे."

"टीव्ही? पंखे?"

"आहेत की. खिडकीतून दिसतंय, फिरतायत मस्त."

"अहो, मग गेलं काय?"

"खुर्च्या गेल्या बाई. सोफा गेला. कप गेले. आणि ती उशी, जिला सगळे बुक्के मारतात, ती पण."

मी गॅस बंद केला, घाईघाईने हात धुतले. चोरीमुळे नव्हे, चोरीच्या मुहूर्तामुळे.

आमचं केंद्र म्हणजे माजी सैनिकांच्या मनाच्या दुखण्यांसाठी सरकारी अनुदानावर चालणारा एक हॉल आणि एक छोटी खोली. डॉक्टर त्यांच्या ठरल्या दिवशी येतात. बाकीचा कारभार, किल्ल्यांपासून कपांपर्यंत, माझ्याकडे. लढाईतून परतलेली माणसं येतात, गोल करून बसतात, बोलतात, नाहीतर नुसतीच गप्प बसतात. यंदा सरकारने ठरवलं होतं, की जी केंद्रं खरोखर वापरात आहेत त्यांनाच पैसा द्यायचा. बाकीची बंद करून माणसांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवायचं. आमचं केंद्र वापरात आहे का, हे बघायला आजच अधिकारी यायच्या होत्या.

आणि त्या गोलात माझे बाबाही बसतात. कितीतरी वर्षं ते दाराकडे तोंड करून, खुर्चीत बसूनच झोपायचे. भिंगरीला जवळ घ्यायचे नाहीत. "झोपेत माझे हात माझे नसतात," म्हणायचे. या केंद्रात यायला लागले आणि हळूहळू पलंगावर आडवे झाले. आता दुपारी भिंगरी त्यांच्या कुशीत शिरून त्यांचा कान धरून झोपते. रुग्णालयात ते पाऊल टाकणार नाहीत, औषधांचा तो वास आला की त्यांचे पाय जागीच थिजतात. केंद्र बंद झालं, तर बाबा पुन्हा खुर्चीत.

मी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली ओढली. किल्लीला काहीतरी पांढरं लागलं होतं. माझाच पिठाचा हात, असं म्हणून ती पदराला पुसली आणि झोपाळू भिंगरीला कडेवर घेऊन निघाले. तिच्या शाळेला नेमकी आजच सुट्टी होती.

२

आयुष्यात मी दोन-तीन चोऱ्या पाहिल्या आहेत. चोर उचकटतात, फेकतात, चिखलाचे पाय उठवतात. या चोराने फरशी पुसली होती.

नुसती पुसली नव्हती, घासली होती. कोपऱ्यातला चहाचा जुना डाग, ज्याच्यापुढे मी हात टेकले होते, तोही गायब. कुलूप शाबूत. टीव्ही टेबलाच्या बरोबर मध्यावर. छोट्या खोलीतल्या पलंगावरची चादर अशी ताणलेली, की भिंगरीने टाकलेली गोटी टणकन उडून माझ्या अंगावर आली.

गेलेल्या वस्तू मी मनात मांडल्या. बसून बसून खोलगट झालेल्या खुर्च्या. हात फाटलेला सोफा. टवके उडालेले, प्रत्येकाने आपला म्हणून धरून ठेवलेले कप. डोळे पुसायच्या कागदी रुमालांचा डबा. बुक्क्यांची उशी. भंगारवालाही ज्यांच्याकडे ढुंकून बघणार नाही अशा या वस्तू.

"आई, चोर गरीब होता का?" भिंगरीने विचारलं.

"गरीब असता तर टीव्ही नेला असता."

"मग वेडा होता?"

"तो शब्द इथे वापरायचा नाही, ठरलंय ना आपलं?"

ती बाहेर जाऊन वाटेच्या कडेच्या दगडावर बसली, आणि उठली तेव्हा फ्रॉकला मागून चुना लागलेला. दोन्ही कडांचे दगड नुकतेच पांढरे केले होते, चुना अजून ओला होता. मला वाटलं, डुलकीरावांनी पाहणीसाठी एवढं तरी केलं.

"डुलकीराव, चुना छान मारलात हं."

"मी?" ते डोळे चोळत म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच कुणाकडून मारून घेतलात!"

३

पोलिसांना बोलवावं तर अधिकारीणबाई दारातला पंचनामा बघूनच परत जातील. न बोलवावं तर रिकामा हॉल बघून जातील. तेव्हा तपास मलाच करायचा होता, तोही कडेवरचं पोर सांभाळत. म्हटलं, घरात रोज हरवलेला एक मोजा शोधणाऱ्या बाईला हे काय कठीण?

"डुलकीराव, खरं सांगा. रात्री झोपला होतात?"

"छे! जागा होतो. म्हणजे... डोळे मिटून जागा होतो."

"आणि डोळे उघडले तेव्हा?"

त्यांनी मान खाली घातली. "अंगावर पांघरूण होतं, बाई. नीट खोचलेलं. मी घेतलं नव्हतं. आणि माझे बूट पुसून उशाशी ठेवलेले."

"चोराने तुमचे बूट पुसले?"

"चकाचक. तोंड दिसतंय बघा."

बघितलं. खरंच दिसत होतं.

संशय घ्यायला हक्काचं माणूस शेजारीच होतं. आमच्या हॉलच्या भिंतीपलीकडे नाचाचा वर्ग चालतो, नाचाच्या बाई राहतातही तिथेच, आणि त्यांचा आमच्या हॉलवर पहिल्यापासून डोळा. केंद्र बंद पडलं तर हॉल त्यांनाच मिळणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी दार वाजवलं तेव्हा पोरी रांगेत उभ्या होत्या आणि बाई हातातल्या काठीने जमिनीवर ठेका धरत होत्या.

"तुमच्या खुर्च्या?" त्या भडकल्याच. "मला हॉल हवाय, लपवत नाही मी. पण त्या खुर्च्या? बसलं की माणूस थेट तळघरात जातो! आणि तो सोफा उचलायला माझ्याकडे काय पैलवान नाचतात?"

"काही आवाज ऐकलात का?"

त्या जरा निवळल्या. कलावंताच्या डोळ्यांत येतं तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत आलं. "ऐकला. उजाडताना. पावलांचा. तुला सांगते, इतकी वर्षं या पोरींना ताल शिकवतेय, पण एकाच्या पावलावर दुसऱ्याचं पाऊल असं कधी पडलं नाही. पाचसहा माणसं होती, पण पाऊल एकच! मी अंथरुणातून दाद दिली."

"बघितलं नाहीत?"

"केसांना मेंदी लावून झोपले होते, बाई. चोरापुढे त्या अवतारात जाऊ?"

मी परत आले. सोफा फरफटत नेल्याची एक रेघ फरशीवर नव्हती. तो उचलून नेला होता, पाचसहा जणांनी, एका पावलात. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की गटाची वेळ होऊन गेली होती आणि एकही माणूस आलेला नव्हता.

चोराने खुर्च्याच नव्हे, माणसंही पळवली होती.

४

पहिला फोन तोफकाकांना केला. तोफखान्यात उमेदीची वर्षं गेली, तिथेच अर्धे कान गेले. फोन ते लांब धरून बोलतात आणि आपल्याला तर तो त्याहून लांब धरावा लागतो.

"काका, आज आला नाहीत?"

"पोरी! माझी तब्येत उत्तम आहे! कसलाही त्रास नाही!"

"तब्येत विचारली नाही मी. आज पाहणी आहे, तुम्ही..."

"तब्येत उत्तम आहे!" आणि फोन बंद.

दुसरा बिनतारीकाकांना. ते संदेशवहनात होते, अजूनही प्रत्येक वाक्य संपल्याचं कळवतात.

"काका, कुठे आहात?"

"तब्येत उत्तम आहे. कसलाही त्रास नाही. संपलं."

"अहो, पण सोफा चोरीला गेलाय."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "ऐकू येत नाही. संपलं."

त्या खरखरीतून नाचाच्या बाई ओरडत होत्या, "वळा, वळा, मान वर!" भिंतीतूनही त्याच ओरडत होत्या. आजकाल फोनमध्ये काय वाटेल ते ऐकू येतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. डोकं पाठ केलेल्या त्या वाक्यावरच अडकलं होतं. दोन माणसं, शब्द न् शब्द एक. शाळेतल्या पोरांनी बाईंसमोर एकसुरात म्हणावं तसं.

बाबांचा फोन लावला. तो उचललाच गेला नाही. बाबा फिरायला जातात ते दूध उतू जायच्या आत परततात.

आता मात्र माझा धीर सुटला. आणि नेमकं तेव्हाच फाटकाशी पांढरी गाडी थांबली. अधिकारीणबाई ठरल्या वेळेच्या आधीच आल्या होत्या.

५

बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या. हॉलमधून एक फेरी मारली. फरशीवर स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोट कोरं आलं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"फारच स्वच्छ आहे. इथे बसतात कशावर?"

"खुर्च्या होत्या. म्हणजे कालपर्यंत होत्या. आज सकाळी चोरी..."

"पाहणीच्या दिवशीच? टीव्ही सोडून?" त्यांनी चष्मा काढला. आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "हे बघा, मी सध्या रोज अशी केंद्रं बघतेय. काही ठिकाणी चहाचे डाग असतात, काही ठिकाणी भांडण चाललेलं असतं. ते बरं. इथे माणूस वावरल्याची एक खूण नाही. रिकाम्या खोलीला पैसा द्या, असं मी वर कुठल्या तोंडाने सांगू?"

"माणसं येतात, बाई. माझे स्वतःचे वडील येतात."

"मग आज कुठे आहेत?"

मी वळले, तर भिंगरी दारात पाठमोरी उभी, फ्रॉकवर पांढरा गोल ठसा. चुना. तोच पांढरा रंग मी सकाळी कुठे पाहिला होता?

किल्लीवर. पिठाचे हात तर मी किल्ली घ्यायच्या आधीच धुतले होते. म्हणजे किल्ली आधीच पांढरी होती, कुणीतरी ती रात्री नेऊन सकाळी गुपचूप खिळ्यावर परत अडकवली होती.

मी मटकन खाली बसले, अर्थात फरशीवर. आणि मला हसू फुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"बरं वाटत नाही का?" बाईंनी विचारलं.

"चोर सापडला," मी म्हणाले. "तो माझ्याच घरात राहतो."

६

"मी सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारत होते," मी बाईंना म्हणाले. "चोराला हवं काय होतं? काहीच नको होतं. त्याला लपवायचं होतं. गेलेली एक-एक वस्तू बघा. रडायचे रुमाल. बुक्क्यांची उशी. बसून झिजलेल्या खुर्च्या. इथे दुखणाईत माणसं येतात, हे सांगणारं जे जे होतं, तेवढंच गेलं."

"आणि फरशी?"

"पाहणी आहे म्हटल्यावर फरशी घासणारी, चादर ताणणारी, दगडांना चुना फासणारी माणसं कोण असतात? सोफा उचलून एका पावलात चालणारी? पहारेकऱ्याला झोपलेला बघून त्याचे बूट पुसून ठेवणारी, म्हणजे साहेब आले तर निदान बूट तरी चमकतील?"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "पण का?"

"ते त्यांनाच विचारू. लांब नाहीत ते. मघाशी फोनवर नाचाच्या बाई मला दोन्ही कानांनी ऐकू आल्या."

केंद्रामागे पडीक जागा आहे, पाण्याची टाकी आहे. टाकीला लागून एक मोठं झुडूप होतं. सुरेख झुडूप. फक्त काल ते तिथे नव्हतं.

आम्ही तिघी पाय न वाजवता जवळ गेलो. झुडपाच्या एका फांदीखालून सोफ्याचा फाटका हात डोकावत होता.

आणि झुडूप कुजबुजलं. तोफकाकांची कुजबुज ती, रस्त्यापलीकडच्या दुकानदारानेही मान वर केली.

"गेली का रे ती म्हातारी?"

"अजून नाही," अधिकारीणबाई म्हणाल्या.

फांद्या हलल्या. आधी तोफकाका आले, मग बिनतारीकाका, मग बाकीचे, केसांत पानं, गुडघ्यांना माती. खुर्च्या आत ओळीने मांडलेल्या होत्या, त्यांच्यावर कप, कपांचे कान सगळे उजवीकडे. सगळ्यात शेवटी बाबा. उशी पोटाशी धरलेली, बोटांना चुना.

"पकडले गेलो. संपलं," बिनतारीकाका म्हणाले.

७

"बाबा! अहो, काय हे?"

बाबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "काल रात्री तू भांडी घासताना रडत होतीस. पाहणीची धास्ती घेतली होतीस."

"म्हणून खुर्च्या पळवायच्या?"

"अगं, पलटणीत साहेब पाहणीला आला की आधी आजाऱ्यांच्या खोलीत डोकावायचा. खोली रिकामी असली की आमच्या वरच्याला शाबासकी. एक जरी माणूस कण्हताना दिसला की त्याला बोलणी. मग आम्ही काय करायचो? ताप असो, काही असो, अंथरूण गुंडाळायचं आणि झाडाझुडपांत जाऊन बसायचं. विचारलं तर एकच उत्तर." त्यांनी इतरांकडे पाहिलं.

"तब्येत उत्तम आहे! कसलाही त्रास नाही!" सगळे एका दमात म्हणाले.

"तुला बोलणी बसू नयेत, बाळा. एवढंच."

रागावू कशी? कुणी आपल्यासाठी एवढा मोठा घोळ घालतं तेव्हा रागवायला जागाच उरत नाही.

अधिकारीणबाई एका ओंडक्यावर बसल्या. "माझं खातं उलटं आहे हो," त्या म्हणाल्या. "मला खोली रिकामी दिसली की मी कुलूप लावून जाते. पैसा त्यांच्यासाठी आहे जे म्हणतील की त्रास आहे. आणि ते मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं. या सांगतात ते पुरत नाही."

तोफेच्या तोंडी उभी राहिलेली ही माणसं, आता जमिनीकडे बघत होती. तोफकाका बटणाशी चाळा करत होते. भिंतीपलीकडे नाचाचा ठेकाही नेमका थांबला.

मग बाबांनी उशी खाली ठेवली. पुढे आले. टाचा जुळवल्या, छाती काढली, जणू पदक घ्यायलाच आले होते.

"साहेब," ते म्हणाले, आणि थांबले. मी भिंगरीचा हात घट्ट धरला. "साहेब, मी आजारी आहे. बरीच वर्षं झाली. झोपेत मी माणसं हाका मारताना ऐकतो. इथे आलो, या खुर्चीत बसलो, याला सांगितलं," त्यांनी तोफकाकांकडे बोट केलं, "त्याला अर्धं ऐकू आलं नाही, तरी तो रडला. तेव्हापासून मी आडवा झोपतो. नातीला जवळ घेतो. ही जागा गेली तर मी कुठे जाऊ, मला माहीत नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. केव्हा उठल्या, त्यांनाही कळलं नसावं.

"मी पण!" तोफकाका गरजले. "मी पण आजारी! कान सोडून! कान वेगळ्या खात्यात!"

"मी सुद्धा," बिनतारीकाका म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पहिल्यांदाच. जरा वेळाने म्हणाले, "अजून बरंच आहे."

अधिकारीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच एकदा बुक्क्यांची उशी मांडीवर घेतली आणि सोडलीच नाही. टवके उडालेल्या कपातून चहा प्यायल्या, खोलगट खुर्चीत बसून थेट तळघरात जाऊन आल्या. निघताना मला म्हणाल्या, "शेवटचा शब्द वरच्यांचा. पण माझ्याकडून हे केंद्र चालू राहायलाच हवं असं जाईल, आणि माझं बहुतेक ऐकतात. हो, एक लक्षात ठेवा. दरवर्षी कुणीतरी येऊन बघणारच. गरज असलेली माणसं दिसली तरच पैसा पुढे सरकेल. झुडपं नकोत." गाडीत बसताना त्यांनी मागे वळून विचारलं, "आणि म्हातारी कोणाला म्हणालात हो?"

तोफकाकांना नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

मग सगळं सामान आत न्यायची घाई उडाली. नाचाच्या बाईंनी पोरींना खिडकीत उभं केलं आणि सोफा घेऊन चाललेल्या पावलांकडे काठी दाखवत म्हणाल्या, "बघा, बघा, याला म्हणतात ताल!" डुलकीराव जागे राहून फाटक धरायला धावले. मी चिडवलं, "बाबा, आता घरी फरशी तुमच्याकडे." ते म्हणाले, "चालेल. पण चादर कशी ताणायची ते तू शिक." मी त्यांच्या केसांतलं पान काढलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्याला मी असा हात लावला नव्हता, आणि ते दचकले नाहीत.

सोफा पुन्हा जागेवर टेकला. बाबा त्याच्यावर बसले, भिंगरी त्यांच्या मांडीवर चढली, त्यांच्या बोटांवरचा चुना नखाने खरवडत बराच वेळ काहीतरी विचार करत राहिली. मी कप मांडत होते.

"आई, त्या बाई म्हणाल्या ना, आजारी माणसं दिसली तरच पैसे देणार?"

"हो, राणी."

"आणि आजोबा इथे येऊन येऊन बरे होतायत ना?"

"हो की."

"मग सगळे बरे झाले, तर हे बंद करणार. आणि बंद केलं, तर आजोबा परत खुर्चीत झोपणार." तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. सगळे काका कप हातात घेऊन थबकले होते, बाबाही माझ्याकडेच बघत होते.

"मग आई, आजोबांनी बरं व्हायचं, की नाही व्हायचं?"